घरचं माणूस

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी माझं वजन केलं, एकशे एकवीस किलो. साखरेचा रिपोर्ट बघितला, गुडघ्यांचे एक्स-रे बघितले आणि मग चष्मा काढून एकच अट घातली. म्हणाल्या, "चंद्रावतीताई, पोट लहान करायचं ऑपरेशन आम्ही करू. पण त्याआधी घरचं एक माणूस माझ्यासमोर आणून बसवा. नवरा, भाऊ, बहीण, कोणीही. पुढचं वर्षभर तुम्ही काय खाता, कधी रडता, कधी चिडता, हे ज्याला ठाऊक असेल असं माणूस. ते आलं नाही तर मी तारीख पक्की करणार नाही."

मला हसूच आलं. माझ्या घरी माणसांना काय तोटा? सासर गागोदे बुद्रुकचं, चार पिढ्या भात आणि वाल पिकवणारं. माहेर पेणच्या खाडीकडलं, मिठागरातलं. आम्ही दोघं रोह्याजवळ वरसे गावात राहतो. तिथं माझं डब्यांचं स्वयंपाकघर आहे, रोज चाळीस डबे धाटावच्या कंपन्यांत जातात. बारसं काढलं तर दोन टेम्पो भरून माणसं येतील आणि वर भजी कमी पडली म्हणून बोलून जातील. त्यातलं एक माणूस पनवेलपर्यंत आणायचं, एवढंच काम होतं.

तीन आठवडे मी ते एक माणूस शोधत होते. सांगताना अजूनही डोकं तापतं.

आधी अर्थातच नवरा. कमळाकर वाईट माणूस नाही. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. हा कंपनीतून सुटला की रोहा बाजारातून काहीतरी घेऊन येणार. जिलबी, फरसाण, गरम वडे. माझ्या पुढ्यात पुडी सोडणार आणि मी खाताना बघत बसणार. एकोणीस वर्षं त्याचं प्रेम मी असं कागदातून खाल्लं आहे. ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा म्हणाला, "पोट कशाला कापायचं? मी तुला थोडं कमी वाढीन."

"तुम्ही वाढता कधी?" मी म्हटलं.

तो हसला आणि टीव्ही बघायला लागला. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तेव्हा म्हणाला, "मी तिथं बसून काय सांगू? माझी बायको लय खाते म्हणून? चार लोकांत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आईला हीच साखर होती. आधी तिच्या पायाची बोटं बधिर झाली, मग काळी पडली, मग गुडघ्याखालून पाय काढला. मिठागरात आयुष्यभर अनवाणी चाललेली बाई शेवटची दोन वर्षं खाटेवर बसून होती. त्रेपन्नाव्या वर्षी गेली. मी आता एकेचाळीसची आहे, आणि दिवाळीपासून माझ्या डाव्या पायाच्या दोन बोटांना काही लागलं तरी कळत नाही. मला तसं मरायचं नव्हतं. बस, एवढीच माझी मागणी होती, आणि ती ऐकायला कोणी तयार नव्हतं.

भावाला फोन केला. रघू म्हणाला, "ताय, आपल्या घरातल्या बायका अंगानं अशाच. आय पण अशीच व्हती."

"आई त्रेपन्नाला गेली, रघू."

"त्येच सांगतंय ना. जेवढं हाय तेवढं सुखानं खा."

मी फोन ठेवला नाही, आपटला. काच फुटली, ती अजून तशीच आहे.

सासूबाईंनी तर डोळ्याला पदर लावला. विमलबाई तशा मायाळू, सुनेला कधी उपाशी झोपू दिलं नाही. म्हणाल्या, "चंद्रावती गो, देवानं दिलेलं पोट काय झंपर हाय, शिवून लहान करायला?"



ऑपरेशनची तारीख बारा फेब्रुवारी धरली होती, पक्की व्हायची बाकी. त्याआधी चौदा दिवस फक्त पातळ. ताक, डाळीचं पाणी, गाळलेलं सूप, डॉक्टरांनी दिलेली पावडर. पोटातलं लिव्हर चरबीनं सुजलेलं असतं, ते लहान व्हायला पाहिजे, नाहीतर दुर्बिणीला वाट मिळत नाही आणि रक्तस्राव होतो. डॉक्टरीणबाईंनी हे मला चित्र काढून समजावलं होतं. एक घासही घन नको, चवीपुरताही नको.

चवीपुरताही नको, हे चाळीस डबे करणाऱ्या बाईला! मी सकाळी साडेचारला उठून भाजी फोडणीला टाकते, आमटीला उकळी आणते, मासे तळते. तो वास नाकात, आणि हातात ताकाचा पेला. पहिले तीन दिवस मी प्रत्येकावर खेकसले. पिठाच्या चक्कीवाल्यावर, गॅसवाल्यावर, शेजारच्या मांजरावर. खेकसले नाही ते फक्त ठमाबाईंवर, कारण त्या उलट खेकसतात.

ठमाबाई माझ्या मदतनीस. साठीला आलेल्या, काटकुळ्या, माझ्या माहेरच्याच खाडीपट्ट्यातल्या. नवरा गेल्यावर त्या नदीपलीकडच्या अष्टमी गावात भाच्याकडे येऊन राहिल्या. रोज पहाटे कुंडलिकेचा पूल चालून माझ्याकडे येतात. नऊ वर्षांत त्यांनी मला गोड असं काही म्हटल्याचं आठवत नाही. पातळ सुरू झालं त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातला डाव काढून घेतला आणि म्हणाल्या, "आजपासून चव मी बघनार. तू भांड्याकडं तोंड करून उभी राहू नको, तिकडं भाकऱ्या थाप."

दोन दिवसांत तीन डब्यांवर चिठ्ठी आली, आमटी खारट आहे म्हणून. मी ठमाबाईंना दाखवली.

"मिठागरातली जीभ हाय," त्या म्हणाल्या. "त्यांना सांग, सवय करा."

त्या आठवड्यात मी एकदाच हसले, ते तेव्हा.

शुक्रवारी कमळाकर लाडात आला. म्हणाला, "चंदा, येत्या रविवारी गागोद्याला चल. आईनं बोलवलंय. आणि पुढच्या शनिवारी, नऊ तारखेला, मी येतो तुझ्याबरोबर पनवेलला. सुट्टी टाकली हाय."

"खरंच?"

"देवाशपथ."

मी एवढी हरखले की पेल्यातलं ताक सांडलं. मला वाटलं, झालं, मिळालं माझं माणूस. त्या आनंदात मी गागोद्याला कशासाठी, हे विचारायचं विसरले.

गेले तर शेताच्या बांधावर पोपटी लावलेली.

आमच्या सासरी रीत आहे. घरातलं माणूस लांब जायला निघालं, कोणी दुबईला, कोणी बोटीवर, की त्याच्यासाठी पोपटी लावतात. थंडीच्या दिवसांत वाल भरलेला असतो. मडक्यात भांबुर्डीचा रानपाला, वालाच्या शेंगा, मसाला चोळलेली कोंबडी, अंडी, खडे मीठ, ओवा. मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा आणि लाकडं पेटवायची. पहिला वाटा जाणाऱ्याचा. मी चालले होते पनवेलला, तिथून चौथ्या दिवशी परत येणार होते. पण यांच्या हिशेबी मी खाण्याच्या मुलखातून कायमची चालले होते, म्हणून ही बोळवण.

दुपारचे चार वाजले असतील. दीर गुणाजींनी मडकं फोडलं आणि तो वास आला. सहा दिवस माझ्या तोंडात घास गेला नव्हता. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं केळीच्या पानावर माझा वाटा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. वीस-पंचवीस माणसं भोवती बसलेली, एकानंही हात लावला नाही. जाणाऱ्यानं घास घेतल्याशिवाय कोणी खात नाही.

"आई, मला चालत नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"ठाव हाय गो. म्हणून तर. पुढं तुला कधी खाता येनार? शेवटचं खाऊन घे माझी बाय."

शेवटचं! फाशी जाणाऱ्याला विचारतात तसं. मी नाही म्हटलं, परत नाही म्हटलं. पोरं भुकेली, जावा एकमेकींकडे बघतायत, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. कमळाकर माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "एक शेंग खा, चंदा. एवढ्यानं काय होतंय?"

मी एक शेंग खाल्ली. मग दुसरी. आणि मग मला नीट आठवत नाही. मी रागानं खाल्लं, एवढं आठवतं. प्रत्येक घासाला मी मनात एकेकाला शिव्या देत होते आणि पुढचा घास घेत होते. कोंबडीची तंगडी, तीन अंडी, शेंगांचा ढीग. सगळे खूश झाले. कोणीतरी म्हणालं, "बघा, ही आमची सून!" आणि कमळाकर हसला. मनापासून, प्रेमानं हसला. त्या हसण्याची मला सगळ्यात जास्त चीड आली.

घरी येऊन साखर तपासली, तीनशे नव्वद. डॉक्टरीणबाईंनी रोजची साखर लिहायला वही दिली होती, तीत मी तो आकडा लिहिलाच नाही.

सोमवारी सकाळी भाकऱ्या थापताना मी ठमाबाईंना सगळं सांगितलं. रडले नाही, ओरडून सांगितलं. मला वाटलं, त्या सासरच्यांना चार शिव्या हासडतील. पण त्यांचा डाव आमटीत थांबला, त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एकदम म्हाताऱ्या दिसल्या.

"आज काय पिलीस?" त्यांनी विचारलं.

"ताक."

"मंग आता फकस्त ताकच पी," एवढं बोलून त्या कामाला लागल्या.

शुक्रवारी संध्याकाळी कमळाकर दारात उभा राहिला, चप्पल न काढता. "उद्या जमनार नाय. रिलिव्हर येत नाय, डबल शिफ्ट लागली."

"सुट्टी टाकली होती ना?"

"टाकली व्हती. मागं घेतली." मग खाली बघत म्हणाला, "मला त्या बाईसमोर बसवत नाय, चंदा. ती इचारल, घरी खायला कोण आणतो."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्या दोन घरांच्या खिडक्या बंद झाल्या, यावरून समजा. तो ऐकून घेऊन निघून गेला. ठमाबाई मागे ओट्यापाशी रिकामे डबे पुसत होत्या.

"मी येते," त्या म्हणाल्या.

"घरचं माणूस पाहिजे, ठमाबाई."

"मंग आन घरचं. मी कुठं आडवी आले?"

त्यांनी शेवटचा डबा पुसला आणि म्हणाल्या, "उद्या डबे बंद ठेव. सहाच्या गाडीला स्टँडवर येते."

डॉक्टरीणबाईंनी ठमाबाईंना खुर्ची दिली. आजीबाई आपल्या कोण, असं मला विचारलं. मी सांगणार तोच ठमाबाई म्हणाल्या, "मी हिच्या सैपाकघरात असते. सकाळी साडेचारपासून संध्याकाळपर्यंत. हिच्या पोटात काय जातंय ते माझ्याशिवाय कोनाला ठाव नाय." डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं आणि फॉर्मवर त्यांचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात काय लिहिलं ते मला दिसलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी विचारलं, "पातळ आहार नीट पाळला ना? एकदाही मोडला नाही?"

"नाही," मी म्हटलं. पटकन आलं तोंडातून.

"मोडला," ठमाबाई म्हणाल्या. "गेल्या रविवारी. पोपटी खाल्ली. कोंबडी, अंडी, सगळं. साखर किती झाली ती पन तिनं लिवली नाय."

डॉक्टरीणबाईंनी माझी वही उघडली, रविवारचं रिकामं पान बघितलं. मला ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "पहिल्यापासून चौदा दिवस करू या. मग सोनोग्राफी बघू. बाराची तारीख मी रद्द करते. सव्वीस." आणि ठमाबाईंकडे वळून म्हणाल्या, "दर वेळी तुम्हीच या."

मी बाहेर पडले ती रागानं तरातरा. मी ठमाबाईंना विश्वासानं सांगितलं होतं! दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही ते सांगितलं होतं, आणि ह्या बाईनं परक्यापुढं मला नागडं केलं. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. पेणला उतरलो, रोह्याच्या गाडीला पाऊण तास होता. स्टँडच्या बाकड्यावर बसल्याबरोबर मी फुटले.

"काय गरज होती तुम्हाला? एक रविवार! एक! येत्या मंगळवारी माझं सुटलं असतं. तेवढं पोटात ठेवता आलं नाही? सासू, नवरा, भाऊ, सगळ्यांनी माझं वाटोळं केलं, तुम्ही तेवढ्या राहिल्या होतात!"

लोक बघायला लागले. ठमाबाईंनी मला बोलू दिलं. माझा दम संपल्यावर म्हणाल्या, "मला मालू नावाची पोर व्हती. तुला सांगितलं नाय कधी."

मी त्यांच्याकडे वळले.

"नऊ वर्सांची. पोटात दुखाया लागलं, आपेंडिस म्हनाले. दवाखान्यात ठेवली. सकाळी आपरेशन. नरसबाईनं रातीच सांगितलं, पोरीला पानीसुद्धा देऊ नको. पहाटेला पोर भूक भूक करून रडाया लागली. मी म्हटलं, एवढी सुरी चालनार अंगावर, उपाशी कशी जाईल लेकरू माझं? पदराआड भाकरी नि सुकट व्हती, ती भरवली. अर्धी भाकरी. मंग दाक्तर आले. इचारलं, काय खाल्लं नाय ना पोरीनं? मी म्हटलं, नाय."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं नाही, डोळेही पुसले नाहीत. समोर उभ्या गाडीच्या पाटीकडे बघत बोलत होत्या.

"भूल दिल्यावर उलटी झाली. ती छातीत गेली. दाक्तरांनी बाहेर येऊन परत इचारलं, बाई, खरं सांगा, काय खाल्लं व्हतं? तवा मी सांगितलं. तवा सांगून काय गो? पस्तीस वर्सं झाली. मी दाक्तरच्या भ्यानं खोटं बोलले नाय. पोरीला कोन ओरडू नये म्हनून बोलले."

माझा राग गेला नव्हता. तो तसाच छातीत होता, फक्त त्याला जायला जागा उरली नव्हती.

"रागव माझ्यावर," ठमाबाई म्हणाल्या. "पायजे तेवढी रागव. पन जित्ती राहा नि रागव."

गाडी लागली. आम्ही चढलो.

कमळाकर घरी होता. डबल शिफ्ट नव्हतीच. तारीख पुढं गेली कळल्यावर त्याचा चेहरा सुटला. "बरं झालं," म्हणाला, "देवालाच नको हाय. कोन आलं व्हतं तुझ्यासंगं?"

"ठमाबाई."

"ती कुठं घरची?" तो उठून उभा राहिला. "फॉर्मवर तिचं नाव लिवलंस? नवरा जिता असताना? लोक काय म्हनतील? सव्वीसला मी येतो. उद्याच त्यांना फोन करून माझं नाव घालून घे."

आवाज चढवायची मला गरज पडली नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "तुम्ही या. बाहेर बसा. पण मला आत नेताना डॉक्टर बाहेर येऊन विचारतील, हिनं काही खाल्लंय का? ते तुम्हाला विचारायचं नाही, ठमाबाईंना विचारायचं, असं मी त्यांना सांगून ठेवणार आहे."

"का? मी काय तुझा वैरी हाय?"

"नाही हो. तुमचं प्रेम आहे माझ्यावर," मी म्हटलं. "तुम्ही नाही म्हणून सांगाल."